पाव सेकंदाचा पुरावा

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या संगणकीय खेळाची स्पर्धा चालू होती. भारतातून गेलेल्या संघातल्या एका खेळाडूचा पंचांना संशय आला. त्याचा संगणक तपासला तेव्हा ‘वर्ड’ असे साळसूद नाव दिलेली फाइल सापडली. ती होती नेम आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे वळवणारी. संघ स्पर्धेतून बाद झाला, खेळाडूवर पुढे पाच वर्षांची बंदी आली.

तिथे निदान पंच होते. घरात मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला पंच दिसत नाही. दिसतो तो भिंतीपलीकडून अचूक गोळी घालणारा ‘हॅकर’. तासाभराची मेहनत क्षणात जाते, मूल फोन आदळते, जेवायला येत नाही. ‘एवढं काय, खेळच तर आहे,’ असे म्हणून घरचे मोकळे होतात. अन्याय मात्र खरा असतो आणि तो शोधून काढण्याचा एक मार्ग थेट शरीरशास्त्रातून जातो.

मज्जातंतूंमधून संदेश इतक्या वेगाने धावतो की तो मोजताच येणार नाही, असे एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटे. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायावर प्रयोग करून तो मोजला. भरला सेकंदाला जेमतेम २७ मीटर! माणसाचे मज्जातंतू याहून वेगवान असले, तरी डोळ्याने पाहणे, मेंदूने ओळखणे, ठरवणे आणि बोटाने कळ दाबणे या साखळीला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास पाव सेकंद लागतो. सरावाने तो थोडा कमी होतो, शून्य होत नाही. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत हललेला धावपटू बाद ठरतो, तो याच तत्त्वावर.

वेगापेक्षाही बोलका असतो अनियमितपणा. निरोगी हातालाही सेकंदाला ८ ते १२ वेळा अतिसूक्ष्म कंप असतो. लक्ष्याकडे जाताना हात आधी झेप घेतो, किंचित पुढे जातो किंवा मागे राहतो, मग सावरतो. एकाच माणसाचे दोन प्रतिसाद तंतोतंत सारखे नसतात. मधूनच एखादा फारच उशिरा येतो, थकव्याने ते सैल पडत जातात. बॉटला ना तहान ना झोप. तो रात्रभर ठरलेल्या अंतराने टिचक्या मारतो. अलीकडचे बॉट मुद्दाम चुका आणि उशीर पेरतात, म्हणून खेळ चालवणाऱ्या कंपन्या शेकडो डावांच्या नोंदी संगणकाकडून तपासून घेतात.

एका गोळीवरून मात्र निकाल देता येत नाही. रक्तदाबाच्या एकाच मोजणीवर कोणी आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही, तसेच हे. इंटरनेट अडखळले की समोरचा अचानक प्रकटल्यासारखा दिसतो. अनुभवी खेळाडू कोपऱ्यावर शत्रू येणार हे ताडून आधीच गोळी सोडतो. त्याचा प्रतिसाद पाव सेकंदाच्या आतला भासतो, कारण तो प्रतिसाद नसून अंदाज असतो. अशा चपळ, प्रामाणिक मुलांवरही ‘हॅकर’चा शिक्का बसतो आणि तो त्यांना फार लागतो. शिवाय नवख्याला चार विजय मिळावेत म्हणून काही खेळ स्वतःच मैदानात बॉट सोडतात. पहिल्या आठवड्यातल्या पराक्रमाचे गुपित पुष्कळदा हेच!

फसवले गेल्यावर छातीत धडधडणे, हात गार पडणे, झोप उडणे हे सगळे अॅड्रेनलिनचे काम. त्या अवस्थेत ‘आता वचपा काढतो’ म्हणून मांडलेला पुढचा डाव बहुधा हरण्याचाच असतो आणि रात्रीचा एक वाजतो. बरा मार्ग म्हणजे खेळातल्या सोयीने तक्रार नोंदवायची, डाव सोडायचा आणि त्या दिवसापुरता फोन ठेवायचा. हे खेळायला बसण्यापूर्वी ठरलेले असावे. संतापलेल्या मुलाच्या हातून फोन हिसकावताना ठरवता येत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. ‘सगळेच करतात’ म्हणत मूल स्वतः हॅकचे अॅप शोधू लागते. प्ले स्टोअरच्या बाहेरून उतरवलेले असे अॅप नेमासोबत एसएमएस वाचण्याचीही परवानगी मागू शकते, आणि बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येत असतो. असे काही आढळले तर रागावणे सकाळसाठी राखून अॅप काढणे, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलणे आणि खाते तपासणे, हे त्याच रात्री उरकावे.