आठ अक्षरांची कॅरोलाइन

किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीत कधी कधी एखाद्या माशाच्या पराजवळ चपटा, कवचाचा जीव चिकटलेला दिसतो. दिसतो किड्यासारखा, पण गोत खेकडा-कोळंबीचे. पायांच्या सात जोड्या आणि प्रत्येक पायाला आकडी. ओढला तरी सहजी सुटत नाही. भारतीय किनाऱ्यावरही आढळणाऱ्या या परजीवीच्या एका वंशाचे नाव आहे ‘नेरोसिला’.

ग्रीक-लॅटिन कोश धुंडाळून या नावाचा अर्थ लागत नाही. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम एलफर्ड लीच यांनी ते १८१८ मध्ये एका फ्रेंच विज्ञानकोशात छापले. त्याच लेखनात कोनिलेरा, रोसिनेला, ओलेन्सिरा हे वंशही आहेत. नेरोसिलाची रोमन अक्षरे सुटी करून पाहावीत: एन, ई, आर, ओ, सी, आय, एल, ए. उरलेल्या तिन्ही नावांत हीच आठ अक्षरे जागा बदलून येतात आणि नीट लावली की ‘कॅरोलाइन’ तयार होते! ‘सिरोलाना’ आणि ‘अनिलोक्रा’ यांत ‘ई’च्या जागी आणखी एक ‘ए’ आहे. तिथे होते ‘कॅरोलिना’.

एक नाव मात्र या हिशेबात बसत नाही.

‘लिव्होनेका’मध्ये ‘आर’ हवा तिथे ‘व्ही’ आहे. हा छपाईचा दोष समजून पुढच्या अभ्यासकांनी ‘लिरोनेका’ लिहायला सुरुवात केली. तर्क पटण्याजोगा होता, तरी तो टिकला नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार मूळ स्पेलिंगमधली चूक सुधारायची, तर ती अनवधानाने झाल्याचा स्पष्ट पुरावा त्या मूळ प्रकाशनातच असावा लागतो. लीच यांनी अक्षरांच्या या खेळाबद्दल काही लिहून ठेवलेले नाही. म्हणून आजही ग्राह्य नाव लिव्होनेकाच. जुन्या नावांची पडताळणी अशी होते: नंतरच्या याद्या बाजूला ठेवून पहिले छापील पान उघडायचे आणि त्यावरचे एकेक अक्षर वाचायचे.

कॅरोलाइन कोण, हा प्रश्न त्या पानावर सुटत नाही. ती लीच यांची प्रेयसी असावी, असा तर्क झाला. दुजोरा मिळालेला नाही.

‘सिरोलाना क्रँची’ या जातीत तर दोन माणसे शेजारी उभी आहेत. दुसरा शब्द जॉन क्रँच यांचा. जोडे शिवणारा हा कारागीर लीच यांच्यासाठी समुद्री जीव गोळा करू लागला आणि १८१६ मध्ये काँगो नदीच्या मोहिमेवर मरण पावला. त्याचा धंदा, प्रवास, मृत्यू यांची नोंद सापडते. त्याच्या आधीच्या शब्दात दडलेल्या बाईचे फक्त नाव उरले आहे, तेही उलटसुलट अक्षरांत.