दगडाचं टोक काडीला बसतं कसं? गारगोटी, राळ आणि दोऱ्याची गोष्ट

(नव्या भागाचं लिखित रूप. ऐकायला रेंज नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)

आजचा भाग पाचाडमधून. मागे जिजाऊंची समाधी, समोर रायगडाचा कडा, आणि माझ्या हातात एक तुटलेला बाण. का तुटला, त्यावरच आज बोलायचंय.

झालं असं, एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, रीलमध्ये एक माणूस दगड टिचवून बाणाचं टोक करतो आणि काडीला बसवतो. आपल्याकडे असं होतं का? आणि तो दगड उडून कसा जात नाही?" प्रश्न भारी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आधी चूक करून कळलं, पण आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

रीलमधला दगड बहुतेक चकमकीचा. तो चुनखडीच्या प्रदेशात मिळतो. आपला सह्याद्री म्हणजे काळा पाषाण, लाव्हा थंड होऊन झालेला. मग इथे काय? त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यात सिलिका साचली. तीच आपली गारगोटी, तोच अकीक. नदीच्या पात्रात पांढरट, मेणासारखे दगड दिसतात ना, ते. चकमकीसारखाच हा दगडही फुटताना शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वाटोळा फुटतो आणि कडेला ब्लेडसारखी धार सोडतो. काळ्या पाषाणाची इतकी बारीक धार सहसा निघत नाही.

आता, आपल्याकडे होतं का? होतं, पण रीलसारखं नाही. महाराष्ट्रात जी जुनी बारीक हत्यारं सापडतात, त्यातली कित्येक नखाएवढी असतात. अर्धचंद्र, त्रिकोण, लांबट पातं. अभ्यासक त्यांना सूक्ष्मपाषाणास्त्रं म्हणतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथले शेतकरी साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी गारगोटीची अशी पाती काढत होते, कारण तांबं दुर्मीळ होतं. ही पाती सगळीच बाणाची नव्हेत, बरीचशी कापायला आणि सोलायला होती. पण गंमत बघा, नखाएवढं पातं नुसतं हातात धरून काम होत नाही. ते कशात तरी बसवावंच लागतं. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहांमधल्या चित्रांत धनुर्धारी दिसतात आणि त्यांच्या बाणांना काटे काढलेले आहेत. म्हणजे टोकाला एक पातं आणि बाजूला दुसरं, असा जोडकाम केलेला बाण.

मग ते बाण गेले कुठे? लाकूड कुजलं, दोरा कुजला, डिंक गेला. कोकणातल्या पावसात तर काही विचारूच नका. उरला फक्त दगड. म्हणून आपण संग्रहालयात दगड बघतो आणि समजतो की कारागिरी दगडात होती. माझं म्हणणं असं की अर्धी कारागिरी, कदाचित जास्तच, जोडात होती.

माझ्या बाणाचं काय झालं ते ऐका. दगड छान झाला होता. काडीला चीर मारली, दगड खुपसला, वर दोरा करकचून गुंडाळला. गवताच्या पेंढीवर पहिलाच बाण सोडला आणि काडी टोकापासून वीतभर उभी चिरली. दगड शाबूत!

कारण सोपं आहे. बाण आपटतो तेव्हा दगड मागे सरकायला बघतो, आणि खाचेत बसलेला दगड म्हणजे पाचरच. लाकूड फोडताना आपण जे मुद्दाम करतो, ते इथे आपोआप होतं. म्हणजे जोडाला तीन कामं करावी लागतात. दगड मागे सरकून काडी फाडू नये, बाजूला डुलू नये आणि बाण उपसताना सुटू नये. खाच, राळ आणि दोरा अशी तिघांत ही कामं वाटलेली असतात. एकट्याच्या जिवावर काहीच टिकत नाही.

पहिली खाच. काडी सरळ आणि पूर्ण वाळलेली हवी. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला बरा. तोसुद्धा आपल्या बांधावरचा, जंगलातला नाही. सावलीत वाळवा. वाकडी असेल तिथे निखाऱ्यावर गरम करून हाताने सरळ करा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. खाच गाठीच्या जरा वर घ्या, म्हणजे चीर गेलीच तर गाठीशी अडते. खोली साधारण एक सेंटिमीटर. आणि महत्त्वाचं म्हणजे खाच दगडाच्या मापाने कोरा, दगड ठोकून बसवू नका. दगडाचं बूड खाचेच्या तळाला सपाट टेकलं पाहिजे, म्हणजे धक्का सगळ्या काडीवर जातो. काडीचं तोंड बाहेरून तासून निमुळतं करा, नाहीतर तिथे खांदा राहतो आणि बाण तिथेच अडतो.

दुसरी राळ. पूजेच्या दुकानात मिळते तीच. नुसती राळ काचेसारखी ठिसूळ असते, एका दणक्यात तडकते. म्हणून तिच्यात मधमाशांचं मेण घालायचं, त्याने लवचीकपणा येतो. आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड, तिने अंग येतं. मी तीन भाग राळ, एक भाग कोळसा आणि अर्धा भाग मेण घेतो. पण प्रमाणापेक्षा चाचणी खरी. एक थेंब गार होऊ द्या आणि वाकवा. कट्कन तुटला तर मेण वाढवा, नखाने सहज दबला तर राळ वाढवा. मंद निखाऱ्यावर वितळवा, ज्वाळेवर नाही, कारण राळ पेट घेते. पेटलीच तर पाणी ओतू नका, झाकण टाका.

ही युक्ती फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत साठ हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या दगडी पात्यांवर झाडाचा डिंक आणि गेरू यांच्या मिश्रणाच्या खुणा मिळाल्या आहेत. डिंकात पूड मिसळायची ही अक्कल शेतीच्याही कितीतरी आधीची.

तिसरा दोरा. अंबाडीचा किंवा तागाचा वाख चालतो. आधी खाचेच्या खालच्या बाजूला घट्ट गुंडाळा. माझी चूक इथेच झाली होती, मी फक्त वर गुंडाळलं. काडी फाटते ती खाचेच्या तळापासून, म्हणून तिथे पट्टा आवळलेला हवा. मग दगडाच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींतून आडवातिडवा फेरा. त्याआधी दगडाच्या बुडाच्या कडा दुसऱ्या दगडावर घासून बोथट करा, नाहीतर तीच धार तुमचा दोरा कापते. शेवटी दोऱ्यावर राळेचा पातळ हात फिरवा. आपल्याकडे जूनमध्ये दोरा ओला होतो, राळ त्याला कोरडा ठेवते. उलट एप्रिलच्या उन्हात बाण गाडीवर ठेवलात तर राळच मऊ होईल. म्हणून सावली.

राळ गरम असतानाच बाण तळहातांमध्ये फिरवून बघा. टोक एका जागी फिरलं तर बसलं. भोवऱ्यासारखं डुललं तर पुन्हा गरम करून सरळ करा.

जोड किती महत्त्वाचा, याचं एक उदाहरण. १९९१ मध्ये आल्प्समध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फात एक माणूस सापडला. ओट्झी. पाच हजार वर्षांहून जुना. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, पण तयार फक्त दोन, बाकी नुसत्या काड्या. त्या दोन बाणांची चकमकीची टोकं भूर्जाच्या डांबराने आणि दोऱ्याने बसवलेली. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, क्ष-किरण तपासणीत त्याच्याच डाव्या खांद्यात दगडी टोक दिसलं. काडी कुणीतरी उपसली होती, टोक आतच राहिलं. जोड सुटला आणि त्याचा पुरावा पाच हजार वर्षं शरीरात राहिला.

आता मोठ्या भावासारखं थोडं बोलतो. रीलमधला तो माणूस शिकारीला जात असेल, तुम्ही जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट आहे. "बंदूक थोडीच आहे" हे चालत नाही. भेकर असो की ससा, कैद होऊ शकते, काही प्राण्यांसाठी ती आणखी जास्त. रानडुकरांनी भात लोळवला की किती जीव जळतो ते महाड-पोलादपूरच्या पोरांना मी सांगायला नको. पण त्याचा रस्ता पंचनामा आणि वनखातं हाच. शिवाय दगडी टोकाचा बाण नेम चुकला तर जनावर मरत नाही, जखम घेऊन फिरतं.

दुसरं म्हणजे रायगडावरून दगड उचलू नका, ते संरक्षित स्मारक आहे. जुनं पातं कुठेही दिसलं तर फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, पातं तिथेच राहू द्या. जागेवरून हललं की त्याची निम्मी गोष्ट संपते.

तिसरं म्हणजे धूळ. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांची फुप्फुसं याच धुळीने गेली. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. म्हणून उघड्यावर बसा, दगड घासताना ओला ठेवा, मास्क आणि चष्मा लावा. कपच्या गोणपाटावर गोळा करा, अंगणात पोरं अनवाणी फिरतात. आणि बाण सोडायचा तो गवताच्या पेंढीवर, मागे कुणी नसताना. दगड फुटून उडतो.

माझा दुसरा बाण? अकरा वेळा सोडला. बाराव्या वेळी दगडाचं टोक मोडलं, पण जोड हलला नाही. मी तो जपून ठेवलाय.

तुमच्या घरात कुऱ्हाडीला, विळ्याला, कोयत्याला दांडा कोण बसवतं? त्यांना विचारा, तो ढिला होऊ नये म्हणून काय करतात. उत्तर व्हॉइस मेसेजवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर, काळजी घ्या!