संशोधनाचा गोषवारा : दोनशे शब्दांत रुग्णाचे हित

ठाणे, प्रतिनिधी : एम.डी. वा एम.एस. पदवीसाठी निवासी डॉक्टरांना प्रबंध सादर करावा लागतो. त्याहून छोटे, पण रोजच्या उपचारांसाठी तितकेच मोलाचे काम म्हणजे इतरांचे शोधनिबंध वाचून त्यांचा दोनशे शब्दांत गोषवारा लिहिणे. या लेखनाला प्रोत्साहन का द्यावे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

एक औषध, दोन निष्कर्ष
अकाली प्रसूतीची शक्यता असल्यास मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्यामुळे बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. लिगिन्स व हौई यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्याचा लाभ दाखवून दिला. मात्र नागपूर, बेळगावसह सहा देशांत गावपातळीवर झालेल्या चाचणीत नवजात मृत्यू घटण्याऐवजी एकंदरीत वाढल्याचे आढळले. ती २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. इंजेक्शन दिलेल्या अनेक महिलांची प्रसूती प्रत्यक्षात पूर्ण दिवस भरल्यावर झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत २,८५२ महिलांवर ती झाली. सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित केलेल्या या महिलांमध्ये नवजात मृत्यूचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के, तर मिळालेल्या गटात १९.६ टक्के होते.

पाच प्रश्न
'स्टिरॉइड उपयुक्त' एवढेच लक्षात ठेवणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून हा फरक निसटतो. गोषवारा लिहिणाऱ्यास मात्र पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात : रुग्ण कोण व कुठले, उपचार कोणता, तुलना कशाशी, लाभ किती आणि अपाय कोणता?

कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. कल्याण-डोंबिवलीतूनही तेथे गंभीर रुग्ण पाठविले जातात. अशा रुग्णाला संशोधनाचा निष्कर्ष लागू पडतो का, हे ठरविणारा पहिला डॉक्टर बहुधा निवासी डॉक्टरच असतो.

विभागातील जर्नल क्लबच्या बैठकीत निबंध केवळ वाचून न दाखवता प्रत्येकाने लेखी गोषवारा द्यावा, मार्गदर्शकांनी तो मूळ निबंधाशी ताडून पाहावा आणि नाव घालून विभागात जपून ठेवावा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो आठवड्यातील एक तास आणि वरिष्ठांचा आग्रह.