परिचारिकेने पुढील पदवी कशी निवडावी?

पुसदला उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने व प्रसूतिगृहे आहेत, आणि आसपासच्या गावांतून व तांड्यांतून येथे येणारा रुग्ण सर्वांत अधिक वेळ ज्या माणसाच्या हाती असतो ती परिचारिका होय. डॉक्टर फेरीला येतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. रात्रभर खाटेपाशी जागते ती तीच. अशा परिचारिकेला आणखी शिकावेसे वाटले तर त्यात तिचे हित आहे व गावाचेही आहे. परंतु नोकरी सोडून नागपुरास किंवा पुण्यास दोन वर्षे राहणे ज्यांना शक्य नाही अशाच त्यांच्यापैकी बहुतेक असतात. घरी लहान मूल असते, सासूसासरे असतात, हप्ते चालू असतात. नेमक्या अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते की घरबसल्या नर्सिंगची पदवी मिळेल, रजा नको, वसतिगृह नको, पैसे हप्त्याने भरावे. या जाहिरातीचे काय करावयाचे, आणि खरोखर पुढे शिकावयाचे असेल तर अभ्यासक्रम कोणत्या कसोटीवर पारखावयाचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेऊ. जाहिरातींत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ असे शब्द वरचेवर येतात. ही कल्पना अमेरिकेतील. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जेथे मुलांना डॉक्टर मिळत नव्हता तेथे अनुभवी परिचारिकेला अधिक शिकवून तपासणी, निदान व साधे उपचार तिच्याकडे सोपवावे, असा त्यांचा विचार होता. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत १०४ वर्षांच्या होऊन वारल्या, तोवर त्यांचे रोपटे त्या देशात वृक्ष झालेले होते. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत अशी परिचारिका स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण तपासते व औषध लिहून देते.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. नर्स प्रॅक्टिशनर या नावाचे आपल्या देशातील अभ्यासक्रम मात्र अलीकडचे आणि मोजके आहेत. एक अतिदक्षता विभागासाठी आहे. तो बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या व वॉर्डातील अनुभव असलेल्या परिचारिकेसाठी असून दोन वर्षांचा व निवासी पद्धतीचा आहे. त्यातील बहुतांश वेळ रुग्णाच्या खाटेपाशीच जातो. दुसरा प्रसूतिसेवेसाठी आहे. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसूतिसेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली त्यांत त्याची मुदत १८ महिने धरलेली आहे. हे दोन्ही अभ्यासक्रम घरी बसून होणारे नाहीत. शिवाय ते पूर्ण केल्याने अमेरिकेतल्याप्रमाणे स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा परवाना आपल्याकडे मिळत नाही. नाव एक असले तरी अधिकार एक नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

आता घरबसल्या पदवीचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे नियम २०२० साली नव्याने केले. जे विषय या पद्धतीने शिकवून पदवी देता येत नाही त्यांत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्या बरोबरीने परिचर्याही आहे. तेव्हा एखादी संस्था पूर्णपणे ऑनलाइन अशी नर्सिंगची पदवी या देशात देऊ करीत असेल, तर तिच्या शुल्काची चौकशी करण्याचेही कारण उरत नाही.

हा नियम केवळ कागदी अडवणूक आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ लागला म्हणजे गर्भाशय घट्ट झाले आहे की सैल राहिले आहे, हे पोटावर हात ठेवणाऱ्या परिचारिकेला कळावे लागते. ते कळण्यात गेलेली मिनिटे त्या बाईच्या आयुष्यातून वजा होतात. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाच्या तोंडानाकावर मुखवटा बसवून पिशवीने श्वास द्यावयाचा असतो. मुखवटा किंचित तिरका बसला तरी हवा बाजूने निघून जाते आणि छाती उचलली जात नाही. ही गोष्ट चित्रफितीत पाहून समजते, पण येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या व्यक्तीने हात धरून तो मुखवटा सरळ केला म्हणजेच ती येते. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले तेव्हा त्या स्त्रियाही ससून रुग्णालयाच्या वॉर्डांत उभ्या राहूनच शिकल्या.

तथापि दूर राहून शिकणे सर्वस्वी त्याज्य आहे असाही याचा अर्थ नव्हे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये नोकरीतील परिचारिकांसाठी पदवीचा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू केला होता, पण त्यालाही रुग्णालयातील प्रात्यक्षिके जोडलेली होती. अमेरिकेत आज ज्यांना ऑनलाइन म्हणतात त्या अभ्यासक्रमांतही व्याख्याने तेवढी घरी ऐकावयाची असतात; प्रत्यक्ष रुग्णांवरचे काम मान्य मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावेच लागते. त्या कामाचे किमान ५०० तास पूर्वी पुरेसे मानीत. २०२२ साली तेथील राष्ट्रीय निकषांनी ते ७५० वर नेले. म्हणजे पुस्तक घरी येऊ शकते, खाट येऊ शकत नाही. अभ्यासक्रम निवडताना खाटेपासून आरंभ करून मागे हिशेब करीत यावे, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न नोंदणीचा. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषद आपली ही वाढीव अर्हता नोंदवून घेईल काय? आपल्या राज्यात ए.एन.एम. व जी.एन.एम. या पदविकांच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. पदव्या मुख्यतः नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. ते १९९८ साली स्थापन झाले. काही अभिमत विद्यापीठेही पदव्या देतात. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. विद्यापीठाच्या व परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत त्या संस्थेचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव आहे की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. संस्थेला एका अभ्यासक्रमाची मान्यता असते व ती दुसरा खपविते, असेही घडू शकते. ‘रुग्णसहायक’ वगैरे नावांची प्रमाणपत्रे आपापल्या जागी उपयोगी असतील. पण त्यांनी कोणी नोंदणीकृत परिचारिका होत नाही.

दुसरा प्रश्न रुग्णालयाचा. हात कोठे तयार होणार? रुग्णालयाचे नाव, त्यातील खाटा, त्यांपैकी भरलेल्या किती, आणि वर्गात विद्यार्थिनी किती, हे लेखी मागावे. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत व तीनचतुर्थांश खाटा भरलेल्या असाव्यात, असे परिषदेचे निकष सांगतात. प्रसूतीचे शिक्षण घ्यावयाचे असेल तर तेथे दिवसाला बाळंतपणे किती होतात, हे त्या रुग्णालयाच्या आयाबाईला विचारले तरी कळते. भव्य इमारत आणि रिकामा वॉर्ड यांपेक्षा जुनी इमारत आणि गजबजलेला वॉर्ड शिकणाऱ्याच्या अधिक कामाचा. या दृष्टीने पुसदच्या परिचारिकेने दूरच्या नामांकित महाविद्यालयाआधी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व नांदेड येथील शासकीय रुग्णालय यांच्या आधाराने कोणते अभ्यासक्रम चालतात, याची चौकशी करावी. रुग्णांची तेथे वाण नाही, आणि सणावाराला घरीही येता येते.

तिसरा प्रश्न पदाचा. शिकून झाल्यावर कोणते दार उघडणार? एम.एस्सी. नर्सिंगने प्रामुख्याने अध्यापनाचे दार उघडते. अतिदक्षतेचे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या शहरी उपयोगी पडते. जिच्या गावी अतिदक्षता विभागच नाही तिला ते घेऊन गाव सोडावे लागेल. ज्या बाईला खेड्यातच काम करावयाचे आहे तिच्यासाठी २०१८ पासून समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद निघाले आहे. उपकेंद्राच्या पातळीवर, म्हणजे सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ अथवा आदिवासी भागात ३,००० वस्तीला, प्राथमिक तपासणी व औषधोपचाराचे काम ते पद करते. त्यासाठी बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची वाट ठेवलेली होती, आणि पुढे तो भाग पदवीच्या अभ्यासक्रमातच समाविष्ट करण्यात आला. तेव्हा जी.एन.एम. झालेल्या व गाव न सोडू इच्छिणाऱ्या परिचारिकेने परक्या देशातील नावाच्या मागे न लागता दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नियमित पद्धतीने करण्याचा विचार आधी करावा. तिच्यापुढील बहुतेक दारे त्याच पायरीवरून उघडतात.

चौथा प्रश्न पैशाचा व काळाचा. शुल्क सगळेच विचारतात. परंतु बुडणारा पगार, वसतिगृह, परीक्षा शुल्क व मुलांची व्यवस्था यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो घरातील सर्वांसमक्ष कागदावर मांडावा. शासकीय सेवेत असल्यास सेवानियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. ती आपल्याला लागू होते काय, हे प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयाकडून लेखी घ्यावे. ‘आजच पैसे भरा, उद्या जागा राहणार नाही’ असे जेथे सांगतात तेथून उठून यावे. चांगल्या वॉर्डाला विद्यार्थिनी शोधत फिरावे लागत नाही.

परदेशी जाण्याची उमेद ज्यांना आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की अमेरिकेतील ऑनलाइन पदवी पुसदला बसून पुरी करता येत नाही. प्रात्यक्षिकाचे तास सामान्यतः तेथेच भरावे लागतात, त्यासाठी तेथील परवाना लागतो, आणि परवान्यासाठी आधी एन.सी.एल.ई.एक्स. ही परीक्षा द्यावी लागते. जी मराठी कुटुंबे तेथे स्थायिक आहेत त्यांतील परिचारिकांनाही संस्था आपल्या राज्यातील विद्यार्थी घेते काय व मार्गदर्शक मिळवून देते की तो आपणच शोधावयाचा, हे आधी विचारावे लागते. कित्येकींची पदवी या दुसऱ्या गोष्टीपायीच लांबते.

मग घरातल्या मोबाइलचा उपयोग काय? तो पुष्कळ आहे. औषधांच्या मात्रा, हृदयालेख वाचणे, जंतुसंसर्ग टाळण्याचे नियम, नवी मार्गदर्शक तत्त्वे हे सारे ऑनलाइन उत्तम शिकता येते, आणि शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर अनेक विषय विनामूल्य ऐकता येतात. कामात असलेल्या परिचारिकेने आपले ज्ञान ताजे ठेवण्यासाठी त्याचा अवश्य लाभ घ्यावा. ही ज्ञानाची शिदोरी आहे. तिला पदवी समजू नये, म्हणजे फसगत होणार नाही.

एक गोष्ट परिचारिकेला उद्देशून नव्हे, तर आपणा सर्वांना उद्देशून सांगणे आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि त्या गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला व जगाने त्याची दखल घेतली. त्या स्त्रिया मोठ्या शहरात गेलेल्या नव्हत्या. शिक्षण त्यांच्या गावी गेले होते, पण ते जाणत्या माणसाच्या पायांनी गेले होते. टप्प्याटप्प्याने शिकविणे, प्रत्यक्ष करवून घेणे आणि वारंवार येऊन तपासणे हे सर्व त्यात होते.

यावरून असे दिसते की अंतर हा शिक्षणाचा खरा शत्रू नाही. देखरेखीचा अभाव हा आहे. व्याख्याने घरी व प्रात्यक्षिके आपल्याच तालुक्याच्या रुग्णालयात, अशी मान्यताप्राप्त सोय उद्या झाली तर पुसद, उमरखेड, दिग्रस येथील कितीतरी परिचारिका घरदार न मोडता शिकतील. ती सोय विद्यापीठाने व परिषदेने करावयाची आहे, आणि तिची मागणी नगरपालिकेने, लोकप्रतिनिधींनी व नागरिकांनी करावयाची आहे. ती मागणी होत नाही तोवर जाहिरातदार त्या रिकाम्या जागेत आपले दुकान मांडीत राहतील, आणि त्यांचे गिऱ्हाईक होतील त्या आपल्याच लेकीसुना.

तोपर्यंत ज्या परिचारिकेच्या हाती जाहिरात पडली आहे तिने पैसे भरण्यापूर्वी एक दिवस काढावा, त्या संस्थेच्या रुग्णालयात स्वतः जावे आणि तेथे रात्रपाळीला असलेल्या सिस्टरांना विचारावे की येथे शिकायला मिळते का. त्या जे सांगतील ते माहितीपत्रकात छापलेले नसते.