चिरेबंदी ग्रीस (५) : मेर्बाकाच्या भिंतीतले वाडगे

गेल्या आठवड्यात आपण ओसिओस लुकासचा बडा मठ पाहिला. आजचं चर्च खेड्यातलं आहे. पेलोपोनीजमध्ये आर्गोसच्या मैदानात, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात आगिया त्रिआदा नावाचं गाव आहे. त्याचं जुनं नाव मेर्बाका. फ्लँडर्सकडच्या मूरबेकेचा विल्यम १२७८ साली कॉरिंथचा लॅटिन आर्चबिशप झाला, त्याच्यावरून हे नाव पडलं असं अनेक अभ्यासक मानतात. ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ लॅटिनमध्ये नेणारा तो हाच.

मेरीमातेचं हे चर्च बेताच्याच आकाराचं. चार खांबांवर तोललेला घुमट, पूर्वेला तीन गाभारे. पाहण्याजोगं सगळं बाहेरच्या भिंतीवर. खालचे चिरे अवाढव्य आहेत. प्राचीन इमारतींचे दगड उचलून आणलेले. त्यांतले काही उभे, काही आडवे असे बसवलेत की भिंतीवर मोठाले क्रूस उमटतात. मधूनच रोमन काळातला थडग्यावरचा शिल्पपटही बेधडक लावून दिलाय. वरच्या भागात मात्र काम एकदम नाजूक होतं. प्रत्येक घडीव दगडाला चहूबाजूंनी पातळ विटांची चौकट. खिडक्यांभोवती विटा तिरक्या बसवून त्यांचे कोपरे बाहेर काढलेत, त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी होते.

ही धाटणी पाहून जाणकारांनी चर्च बाराव्या शतकातलं ठरवलं होतं. नाफ्प्लिओजवळच्या आरेइया मठाची स्थापना ११४९ची, आणि दोन्ही इमारतींचं घराणं एकच दिसतं. मग वाद कसला?

वाद त्या वाडग्यांचा. भिंतीत उंचावर चकचकीत झिलईचे मातीचे वाडगे बसवलेले आहेत, तोंड आपल्याकडे करून. कॉरिंथच्या उत्खननाची धुरा वर्षानुवर्षं सांभाळलेले गाय सँडर्स यांनी ते बारकाईने पाहिले. त्यांत दक्षिण इटलीतली रंगीत भांडी निघाली, आणि अशी भांडी कॉरिंथमध्ये तेराव्या शतकाच्या थरांत सापडतात. वाडगे बांधकामासोबतच बसवलेले, म्हणून चर्चही त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे विल्यमच्याच काळातलं, असं त्यांचं म्हणणं. १२०४च्या धर्मयुद्धानंतर हा मुलूख पश्चिमेच्या सरदारांच्या ताब्यात गेला होता, तेव्हा इटलीची भांडी इथे येणं नवलाचं नाही.

चर्च खुद्द विल्यमनेच बांधवलं, इथपर्यंत सँडर्स जातात. तिथे माझं मन जरा अडखळतं, कारण गावाचं नाव आणि बांधणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण शतकापुरता त्यांचा मुद्दा मला पटतो. गवंडी बापाची पद्धत शंभर वर्षं सहज चालवतो. जे भांडं अजून घडलंच नाही, ते मात्र त्याला भिंतीत बसवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात बिओशियातल्या स्क्रिपूला जाऊ. तिथे लिओ नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने ८७३-७४चं आपलं बांधकाम शिलालेखांत नोंदवूनच ठेवलंय, त्यामुळे हे भांडण तिथे नाही.