जवान पुन्हा विद्यार्थी होतो

मुलांनो, समजा, दिंडोशीत एक निवृत्त जवान राहतो. लढाईच्या आठवणींनी त्याची झोप उडते. लोक त्याला वेडा म्हणतात. पण हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात.

त्याला कॉलेजात शिकायचे आहे. वाट आहे का? आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र असले, की सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. वयातही ५ वर्षांची सूट मिळते. रोज वर्गात बसणे जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी शिकता येते.

असा सहाध्यायी भेटला, तर त्याला हसू नका. आपली वही त्याच्यापुढे ठेवा.