डळमळत्या हंगामातील अनपेक्षित विजय

फुटबॉलच्या चाहत्याचा आनंद गुणतक्त्यावरील आकड्यांपेक्षा अपेक्षा आणि निकाल यांतील अंतरावर अधिक अवलंबून असतो, आणि त्यामुळेच वर्षभर निर्विघ्नपणे जिंकणाऱ्या संघाच्या विसाव्या विजयाचे जे कौतुक होत नाही, ते आज जिंकणाऱ्या, उद्या हरणाऱ्या आणि परवा बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघाने हातातून गेलेला एखादा सामना खेचून आणला की होते. अशा विजयानंतर चाहते जे बोलतात, जे विसरतात आणि ज्यावर भांडतात, त्यात बाहेरच्या माणसाला निव्वळ वेडेपणा दिसत असला, तरी त्यामागे या खेळाचे गणित आणि मनुष्यस्वभाव यांची बऱ्यापैकी सुसंगत अशी जुळणी असते. महाराष्ट्रापुरते बोलायचे झाल्यास, या जुळणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबई सिटी एफसी या संघाच्या २०२३-२४ च्या हंगामात सापडते.

इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, ही देशातील अव्वल व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा असून २०२३-२४ मध्ये तिच्यात एकाच हंगामात दोन वेगवेगळी विजेतेपदे दिली जात होती. सर्व संघांनी परस्परांशी घरच्या व बाहेरच्या मैदानावर खेळून झाल्यावर गुणतक्त्यात अग्रस्थानी राहणाऱ्या संघाला ‘शील्ड’ मिळे, तर पहिल्या सहा संघांमध्ये नंतर खेळवल्या जाणाऱ्या बाद फेरीतील विजेत्याला ‘कप’ मिळे. शील्ड हे सातत्याचे बक्षीस होते. कप मात्र मोक्याच्या दोन-चार रात्री कोण टिकले यावर ठरे, आणि ज्या संघाचा हंगाम डळमळीत गेलेला असे त्याच्या चाहत्यांची आशा साहजिकच या दुसऱ्या विजेतेपदाला चिकटून राही.

मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये ही दोन्ही विजेतेपदे एकदम पटकावली होती, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड जिंकली होती, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळवला होता. अपेक्षांचा पारा इतका चढलेला असताना २०२३-२४ चा हंगाम उजाडला आणि आशियाई स्पर्धेच्या गटात संघाने सहापैकी सहाही सामने गमावले. सौदी अरेबियाच्या अल हिलालने तर रियाधमध्ये ६-० असा धुव्वा उडवला. नोव्हेंबरात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले आणि त्यांच्या जागी चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की आले. २० डिसेंबर रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर मोहन बागान सुपर जायंटविरुद्ध मुंबईने २-१ असा विजय मिळवला खरा, पण त्या सामन्यात पंचांनी दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंना लाल कार्ड दाखवले, म्हणजे त्यांना मैदानाबाहेर काढले, आणि त्यांपैकी चार मुंबईचे होते. चारच दिवसांनी कोचीमध्ये केरळ ब्लास्टर्सने मुंबईला २-० असे नमवले. जानेवारीत सुपर कप या वेगळ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ओडिशाकडून पराभव झाला आणि संघाचा मुख्य सर्जक ग्रेग स्टुअर्ट क्लब सोडून गेला.

एवढ्या पडझडीनंतर संघ सावरला आणि शील्डच्या शर्यतीत अग्रस्थानी आला, इथपर्यंत ही कथा ओळखीच्या वाटेने जाते. परंतु १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, जेथे मुंबईला शील्डसाठी केवळ बरोबरी पुरेशी होती, तेथे मोहन बागानने २-१ असा विजय मिळवला आणि ४८ विरुद्ध ४७ अशा एका गुणाच्या फरकाने शील्ड नेली. वर्षभराची मेहनत शेवटच्या सामन्यात एका गुणाने निसटणे हे चाहत्याच्या दृष्टीने सपाटून हरण्यापेक्षाही वाईट असते, कारण सपाटून हरलेल्या संघाबद्दल निदान ‘जर-तर’ची चर्चा तरी करावी लागत नाही.

या पराभवानंतर नऊ दिवसांनी, २४ एप्रिल रोजी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा संघाविरुद्ध कपसाठीच्या दोन टप्प्यांच्या उपांत्य लढतीचा पहिला टप्पा झाला. बोरिस सिंगने सोळाव्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसने उत्तरार्धात केलेल्या गोलांमुळे गोव्याकडे २-० अशी आघाडी होती आणि ९० मिनिटांचा नियमित खेळ संपत आला तरी ती कायम होती. मग लालियानझुआला छांगतेने एक गोल केला, जवळजवळ त्यापाठोपाठच विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगतेनेच तिसरा गोल केला. दुखापती, खेळाडूंची अदलाबदल आणि इतर खोळंब्यांत वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पंच शेवटी जी मिनिटे वाढवून देतात, त्यांना भरपाई वेळ म्हणतात. या सामन्याचा निकाल जवळपास संपूर्णपणे त्या वाढीव मिनिटांत उलटला आणि मुंबईने ३-२ असा विजय मिळवला.

असे निकाल इतर खेळांच्या मानाने फुटबॉलमध्ये अधिक का लागतात, याचे मुख्य कारण गोलांच्या दुर्मिळतेत आहे. बास्केटबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघ अनेक डझन वेळा गुण मिळवत असल्यामुळे नशिबाचे छोटे-मोठे फटके परस्परांना छेदून जातात आणि शेवटी बहुधा बलवान संघच पुढे राहतो. फुटबॉलमध्ये मात्र दोन-तीन गोलांतच सारा हिशेब मिटत असल्याने एक चुकीचा पास किंवा बचावपटूच्या पायाला लागून वळलेला एक चेंडू पुरेसा ठरतो. समजा, एका संघाकडून सामन्यात सरासरी दीड गोल आणि दुसऱ्याकडून सरासरी एक गोल अपेक्षित आहे. दुर्मिळ घटनांसाठी संख्याशास्त्रात वापरले जाणारे प्वासाँचे सूत्र येथे लावल्यास दुबळा संघ सुमारे चारपैकी एक सामना जिंकतो, साधारण तितकेच सामने बरोबरीत सुटतात आणि सबळ संघाच्या वाट्याला जेमतेम निम्मे विजय येतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ बेन-नइम, व्हाझकेझ आणि रेडनर यांनी पाच खेळांच्या प्रमुख स्पर्धांतील प्रदीर्घ काळाचे निकाल तपासून २००६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांतही दुबळ्याने सबळाला हरवण्याचे प्रमाण फुटबॉलमध्येच सर्वाधिक आढळले. ‘फुटबॉलमध्ये काहीही होऊ शकते’ हे चाहत्यांचे घासून गुळगुळीत झालेले वाक्य म्हणूनच अंधश्रद्धेत जमा करता येत नाही.

मनाच्या बाजूने पाहिल्यास, मेंदूतील डोपामिन या रसायनाशी संबंधित पेशींवर वोल्फ्राम शुल्त्स यांनी केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. १९९० च्या दशकातील माकडांवरील प्रयोगांत त्यांना असे दिसले, की मिळणार हे ठाऊक असलेल्या बक्षिसाला या पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत, मात्र अनपेक्षित बक्षीस मिळाले की त्या जोराने उद्दीपित होतात, आणि अपेक्षित बक्षीस हुकले तर त्यांची नेहमीची हालचालही मंदावते. माकडाच्या रसपानावरून स्टेडियममधील माणसांच्या उन्मादापर्यंत सरळ उडी मारणे शास्त्राला धरून होणार नाही, तरी अपेक्षेपासूनचे अंतर हेच आनंदाचे माप असते, या निरीक्षणाशी चाहत्यांचा अनुभव चांगलाच जुळतो. पावसाच्या भरवशावर पेरणी करणारा वाशीमचा कोरडवाहू शेतकरी उशिरा आलेल्या एका सरीचे जे मोल जाणतो, ते कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला कळत नाही. डळमळत्या हंगामाने चाहत्याला शिकवलेले असते ते हेच.

तथापि या आनंदाला एक बोचरी मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये मोबाइलवर लोकांनी वेळोवेळी नोंदवलेल्या मनःस्थितीचा पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन यांनी फुटबॉलच्या निकालांशी मेळ घातला, तेव्हा पराभवाचे दुःख विजयाच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असल्याचे त्यांना आढळले. अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांचा २०११ चा अभ्यास याहून गंभीर आहे. ज्या दिवशी जिंकण्याची खात्री असलेला स्थानिक संघ हरला, त्या दिवशी त्या भागात पुरुषांनी घरातील स्त्रियांवर केलेल्या हिंसाचाराच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढल्या, पण अनपेक्षित विजयामुळे त्या तितक्याच घटल्या, असे काही दिसले नाही. जल्लोषाची चित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि पराभवाची किंमत बंद दाराआड इतर कोणीतरी मोजते, ही गोष्ट खेळावरील कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही, ती यायला हवी.

फातोर्ड्याच्या त्या रात्रीची दुसरी बाजू गोव्याच्या चाहत्यांची होती, आणि तिचे दुःख जुन्या जखमेवर बसलेले होते. १७ मार्च २०१९ रोजी मुंबई फुटबॉल अरेनावर झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात बंगळुरूने गोव्याला जादा वेळेत १-० असे हरवले होते आणि तो एकमेव गोल राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने केला होता; २०२४ मध्ये हाच भेके मुंबई सिटीचा कर्णधार होता. ज्या प्रदेशात धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स या क्लबांमुळे फुटबॉल हा कित्येक पिढ्यांचा गावखेळ बनला आहे, तेथे अशा योगायोगांची नोंद सहज पुसली जात नाही.

विजयानंतर चाहत्यांच्या बोलण्यात होणारा एक बदल संशोधकांनी फार पूर्वी टिपला आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील सात विद्यापीठांतील पाहणीत, आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी अधिक विद्यार्थी त्याच्या नावाचे कपडे घालून येतात, आणि त्याच संशोधनातील वेगळ्या प्रयोगांत, निकाल सांगताना विजयासाठी ‘आपण जिंकलो’ तर पराभवासाठी ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे त्यांचा कल असतो, असे आढळले. दुसऱ्याच्या यशाच्या प्रकाशात स्वतःला उजळून घेण्याची ही वृत्ती असून, अपयशापासून चार हात दूर सरकण्याची तिची जुळी बहीणही तितकीच ओळखीची आहे. कट्टर पाठीराखे मात्र या नियमाला बऱ्याच अंशी अपवाद ठरतात, कारण ते पराभवातही ‘आपण’ सोडत नाहीत. मुंबई सिटीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या पाठीराख्यांच्या गटासारख्या संघटित चाहत्यांची स्वतःविषयीची धारणाच या निष्ठेवर उभी असते, आणि संघ जिंकू लागल्यावर गर्दीत सामील झालेल्यांबद्दल त्यांना वाटणारी अढीही तिच्यातूनच येते.

अनपेक्षित विजयानंतर चाहत्यांत जो वाद हमखास पेटतो, तो ‘तुक्का लागला’ म्हणणारे आणि ‘आता संघ सापडला’ म्हणणारे यांच्यात. संख्याशास्त्राचा कौल बहुतेक वेळा पहिल्या गटाच्या बाजूने जातो, कारण फार वाईट गेलेल्या काळानंतरची कामगिरी काही वेगळे न करताही सरासरीकडे परतते, आणि प्रशिक्षक बदलल्यावर दिसणाऱ्या सुधारणेतील बराच भाग या परतण्याचाच असतो. मुंबईच्या बाबतीत जुने प्रशिक्षक हकालपट्टी न होता आपणहून गेले होते, त्यामुळे क्रात्कींच्या वाट्याचे श्रेय इतक्या सहजी नाकारता येत नाही. तरीही फातोर्ड्याचा तो निकाल डावपेचांनी पूर्णपणे उलगडत नाही, आणि तो उलगडल्याचा आव आणणाऱ्या विश्लेषकांकडे थोडे संशयाने पाहिलेले बरे.

महाराष्ट्रात या खेळाचा चाहतावर्ग सर्वत्र सारखा नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम असे संघ पेठांच्या आणि तालमींच्या अस्मितेशी जोडलेले असून शाहू स्टेडियमवरील निकाल हा त्या पेठेचा मान-अपमान ठरतो, आणि या ईर्षेची कडू बाजू म्हणून हुल्लडबाजीमुळे सामने रोखण्याची वेळही तेथे आलेली आहे. विदर्भात नागपूरची स्वतःची क्लब-परंपरा आहे, आणि विजय बारसे यांनी २००१ मध्ये तेथे सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या उपक्रमावर २०२२ मधील ‘झुंड’ हा चित्रपट आधारलेला होता. परंतु वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावातून पाहणाऱ्यासाठी आयएसएलचे प्रत्येक मैदान शेकडो किलोमीटर दूर असते आणि विदर्भाचा असा एकही संघ त्या स्पर्धेत नाही. तेथे क्रिकेट आणि कबड्डीच्या बरोबरीने फुटबॉल पाहिला जातो तो प्रामुख्याने मोबाइलच्या पडद्यावर. २०२३-२४ मध्ये आयएसएलचे सामने जिओसिनेमावर विनामूल्य दिसत असल्याने हा प्रवेश आणखी सोपा झाला होता. अशा प्रेक्षकाला पेठ किंवा गाव संघ ठरवून देत नाही, तो त्याला स्वतःच निवडावा लागतो, आणि ज्या पहिल्या सामन्याने त्याला खुर्चीतून उठवले, त्या सामन्याला या निवडीत फार मोठे वजन असते. संघांचे व्यवस्थापन जाहिरातींवर जो खर्च करते, त्यापेक्षा अखेरच्या मिनिटांतील तीन गोल दूरच्या गावांत अधिक चाहते मिळवून देत असतील, असे मानायला जागा आहे.

उपांत्य लढतीचा दुसरा टप्पा २९ एप्रिल रोजी अंधेरीत मुंबईने २-० असा जिंकला आणि ४ मे २०२४ रोजी पुन्हा सॉल्ट लेकवर, पुन्हा मोहन बागानविरुद्ध, अंतिम सामना झाला. मध्यंतराच्या तोंडावर जेसन कमिंग्जने यजमानांना आघाडी मिळवून दिली होती. उत्तरार्धात होर्गे पेरेरा डियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी याकुब व्हॉयतुश यांच्या गोलांनी मुंबईने ३-१ असा विजय मिळवून कप जिंकला. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मैदानावर शील्ड गेली, त्याच मैदानावर, प्रतिस्पर्ध्याच्या प्रचंड गर्दीसमोर हा विजय आल्यामुळे मुंबईच्या पाठीराख्यांच्या स्मरणात आशियाई स्पर्धेतील सहा पराभव मागे पडले.

त्या उन्हाळ्यात भेके आणि डियाझ हे दोघेही बंगळुरूकडे गेले. पुढच्या हंगामात मुंबईला गुणतक्त्यात सहावे स्थान मिळाले, आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बंगळुरूने तिला ५-० असे हरवले. त्यानंतरच्या महिन्यात भुवनेश्वरमध्ये सुपर कप सुरू झाला आणि ३ मे रोजी अंतिम सामन्यात जमशेदपूरवर ३-० अशी मात करून तो एफसी गोवाने जिंकला.